बिलावर नुसते ‘आय-फाइव्ह’ नको, पूर्ण क्रमांक हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवले. तेव्हापासून सांगली, मिरज, तासगाव, विटा भागातल्या अडत पेढ्या, सेवा सोसायट्या, दूध संकलन केंद्रे आणि डीटीपीची दुकाने दहा-दहा, बारा-बारा वर्षांचे डेस्कटॉप बदलू लागली आहेत. बदलायला हरकत नाही. पण बहुतेक ठिकाणी चौकशी दोनच प्रश्नांची होते: ‘आय-फाइव्ह आहे का?’ आणि ‘कितीला?’ एवढ्यावर घेतलेले मशीन दुकानात बसते. मग चार दिवसांत कळते की पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा सौद्याचा हिशेब) छापायचा प्रिंटर त्याला जोडता येत नाही, काट्यावरून वजन येत नाही, जुनी मराठी फाइल उघडली की किडे-मुंग्या दिसतात आणि विंडोज 11 तर त्यावर चालतच नाही. संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात हेच रोज समोर येते, म्हणून हे सविस्तर पत्र.

‘आय-फाइव्ह’ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपचे, नाव 2009 पासून बाजारात आहे. नुसते आय-फाइव्ह म्हणणे म्हणजे साल न विचारता नुसती ‘बोलेरो’ म्हणण्यासारखे. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. आकडा चार अंकी असेल तर पहिला अंक पिढीचा: 3470 म्हणजे तिसरी, 6500 म्हणजे सहावी, 8500 म्हणजे आठवी. आकडा पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक: 10400 म्हणजे दहावी, 12400 म्हणजे बारावी. 2011 सालचा आय-सेव्हन 2600 हा त्या काळचा राजा, पण 2022 चा साधा आय-थ्री 12100 त्याला आरामात मागे टाकतो, वीजही कमी घेतो आणि विंडोज 11 चालवतो. तरीही ‘आय-सेव्हन आहे, आय-थ्री काय घेताय’ असे सांगून जुना राजा विकला जातो. 2023 च्या शेवटापासून इंटेलच्या काही नव्या चिप्सच्या नावातून ‘आय’ अक्षरच गेले आहे, त्यामुळे नावावरून अंदाज बांधण्यात आता काही अर्थ उरलेला नाही.

विंडोज 11 साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. एएमडी रायझन घ्यायचा तर 3000 मालिका आणि तिच्या पुढचे घ्यावे. 2000 मालिकेतले काही चालतात, काही चालत नाहीत, तेव्हा त्या फंदात पडू नये. शिवाय मदरबोर्डवर टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी हव्यात. चालू मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर जाऊन सीपीयू निवडला की उजव्या कोपऱ्यात प्रोसेसरचे पूर्ण नाव लिहिलेले असते. दुकानात मशीन चालू करून हे नाव स्वतः वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

हे आवर्जून वाचावे, कारण बाजारात एक खास प्रकार आहे. काचेचा चकचकीत कॅबिनेट, नवी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क), नवा मदरबोर्ड, वर्षाची वॉरंटी, भावही खाली. आत मात्र दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर. त्या काळच्या एच-61 आणि एच-81 चिपसेटचे मदरबोर्ड आजही नवे बनून येतात, म्हणून हे जमते. बोर्ड खरोखर नवा असतो, त्यामुळे ‘नवा कॉम्प्युटर’ हे बोलणे पूर्ण खोटेही ठरत नाही. पण त्यावर विंडोज 11 नियमाने बसत नाही, रॅम डीडीआर-3 या जुन्या प्रकारची लागते जी पुढच्या कोणत्याही मशीनमध्ये उपयोगी पडत नाही, आणि बोर्ड गेला की तसलाच दुसरा शोधत फिरावे लागते. केवळ टायपिंगसाठी, सगळे माहीत करून कोणी हे घेत असेल तर तो त्याचा निर्णय. न सांगता विकणे ही मात्र फसवणूकच आहे. ओळखायची खूण सोपी आहे: रॅम कोणती, हे विचारा. डीडीआर-3 असे उत्तर आले तर आतला प्रोसेसर दहा वर्षांपलीकडचा आहे असे धरून चाला.

पण नवे घेण्याआधी जुने खरोखर संपले आहे का, तेही तपासले पाहिजे. ‘स्लो झालाय’ या एका तक्रारीमागे निरनिराळी दुखणी असतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत 100 टक्क्यांवर आणि प्रोसेसर जेमतेम 10-15 टक्क्यांवर दिसत असेल तर दुखणे फिरत्या हार्ड डिस्कचे आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून 05 आणि सी5 या दोन ओळी पाहाव्यात. तिथे शून्याऐवजी आकडे दिसू लागले असतील तर डिस्कचे सेक्टर मरू लागले आहेत, त्याच दिवशी डेटा बाहेर काढावा. मशीन दहा मिनिटे चालून हँग किंवा बंद होत असेल तर कूलरच्या पट्ट्यांमध्ये धूळ घट्ट बसलेली असते आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी पडलेली असते. रोज सकाळी तारीख मागे जाते आणि जीएसटीचे किंवा बँकेचे संकेतस्थळ सर्टिफिकेटची चूक दाखवते, तेव्हा मदरबोर्डवरची सीआर-2032 ही नाण्यासारखी बॅटरी बदलायची असते, संपूर्ण मशीन नव्हे. चालू करताच बीप-बीप वाजून पडदा काळा राहिला तर वीज काढून रॅम उपसावी, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतले पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, चुरा झटकून पुन्हा ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवावी. यातल्या एकाही कामासाठी नवे मशीन लागत नाही.

मशीन आठव्या पिढीचे किंवा पुढचे असेल आणि त्यात फिरती हार्ड डिस्क असेल, तर 256 जीबी एसएसडी आणि एकूण 8 जीबी रॅम एवढ्यावर ते आणखी चार-पाच वर्षे निघते. अशा मशीनवर ‘विंडोज 11 चालणार नाही’ असा संदेश आला म्हणून लगेच हातपाय गाळू नयेत. बऱ्याचदा टीपीएम बोर्डात असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेले असते. इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने ते चालू करायचे. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने केलेली असेल तर ती नव्या जीपीटी पद्धतीची करून बूट, म्हणजे मशीन सुरू होणे, युईएफआय या नव्या पद्धतीवर न्यायचा. हे काम बॅकअप घेतल्यावरच करावे. हार्ड डिस्क आधीच खराब असेल तर तिचे क्लोनिंग (हुबेहूब प्रत) करू नये, बिघडलेल्या फाइलीही नव्या डिस्कवर जशाच्या तशा येतात. आधी डेटा काढावा आणि एसएसडीवर विंडोज नव्याने टाकावी.

सहाव्या-सातव्या पिढीवाल्यांची खरी पंचाईत आहे. मशीन ताकदीचे आहे, पण विंडोज 11 च्या यादीत नाही. त्यांच्यासाठी घरगुती वापरकर्त्यांच्या योजनेत विंडोज 10 चे सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळण्याची सोय आहे. त्यासाठी विंडोज 10 ची 22एच2 ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच होते. ही वेळ खरेदीची तयारी करायला वापरावी. नियम चुकवून विंडोज 11 टाकून देणारेही आहेत. तसे टाकता येते, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर टू ड्युओवर तर 24एच2 आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी पॉपकाउंट ही सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाही. धंद्याचा हिशेब ज्या मशीनवर आहे त्यावर असले प्रयोग करू नयेत. फक्त इंटरनेट, पत्रे आणि मुलांचा अभ्यास एवढेच काम असेल तर अशा जुन्या मशीनवर एसएसडी टाकून लिनक्स मिंट बसवावे, ते मोफत आहे आणि मराठी टायपिंगही देते. मात्र टॅली आणि डिजिटल सहीचे टोकन यांच्यासाठी विंडोजच ठेवावी, लिनक्सवर त्यांचे हाल होतात.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. डेस्कटॉप निवडताना आधी त्याची पाठ पाहावी, म्हणजे त्याला मागे काय काय जोडलेले आहे त्याची कागदावर यादी करावी. हळदीच्या किंवा बेदाण्याच्या सौद्यानंतर शेतकऱ्याला पट्टी द्यायची ती कार्बन प्रतींसह. त्यासाठी सुया आपटणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच लागतो, लेझरवर कार्बन उमटत नाही. जुन्या प्रिंटरला पंचवीस पिनांचे रुंद पॅरलल पोर्ट लागते आणि आजच्या बहुतेक मशीनला ते नसते. प्रिंटरच्या मागे यूएसबीचे चौकोनी भोक आहे का ते आधी पाहावे. एप्सनच्या एलएक्स-310 ला यूएसबी, पॅरलल आणि सिरियल अशी तिन्ही पोर्ट असतात, त्यामुळे केबल बदलली की काम होते. नुसते पॅरलल असेल तर यूएसबी-पॅरलल केबल मिळते. ती विंडोजच्या सॉफ्टवेअरमधून छापते, पण डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या) जुन्या प्रोग्राममधून थेट एलपीटी-1 वर, म्हणजे पॅरलल पोर्टवर, छपाई पाठवली तर कागद हलत नाही. तिथे स्लॉट असलेल्या डेस्कटॉपमध्ये पीसीआय-एक्स्प्रेसचे पॅरलल कार्ड बसवणे जास्त भरवशाचे, म्हणून असा स्लॉट नसलेला छोटा डबा पेढीसाठी घेऊ नये.

डॉसचा विषय निघालाच आहे तर हेही स्पष्ट सांगायला हवे. कित्येक सोसायट्यांचे सभासद-खाते आणि डेअऱ्यांची बिले आजही फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या प्रोग्रामवर चालतात. हे डॉसचे 16-बिट प्रोग्राम 32-बिट विंडोजवर चालत आले. विंडोज 11 फक्त 64-बिट आहे आणि तिच्यावर हे प्रोग्राम उघडतच नाहीत, कितीही महाग मशीन घ्या. डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉससारख्या साधनात ते चालवता येतात, पण छपाई आणि एकाच वेळी दोन मशीनवर उघडणारी फाइल यांची चाचणी पैसे देण्याआधी घ्यायला हवी. म्हणून जुन्या प्रोग्रामची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जावे आणि ज्या मशीनचा सौदा ठरतो आहे त्यावरच एक बिल तयार करून छापून बघावे.

इलेक्ट्रॉनिक काटा आणि डेअरीचे फॅट मशीन यांची गोष्ट निराळी. ही उपकरणे नऊ पिनांच्या सिरियल पोर्टवरून बोलतात. पुष्कळ मदरबोर्डवर सिरियलच्या पिना आतमध्ये असतात, फक्त मागे पोर्ट काढलेले नसते. केबल लावलेली पत्र्याची पट्टी आणून त्या पिनांवर बसवली की खरेखुरे कॉम-1 (पहिले सिरियल पोर्ट) मिळते आणि जुने सॉफ्टवेअर काही न बदलता वजन घेऊ लागते. यूएसबीवरून सिरियल करणारी केबल घ्यायची तर आतली चिप कोणती, ते विचारावे. प्रोलिफिकच्या जुन्या पीएल-2303 चिपची किंवा तिच्या नकलेची केबल विंडोज 11 ला लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण येतो आणि ही चिप 2012 पासून बंद केली आहे असा संदेश दिसतो. मग काट्याला दोष दिला जातो, काटा दुरुस्तीला जातो, आणि काट्यात काहीच निघत नाही. एफटीडीआय किंवा सीएच-340 चिपची केबल सहसा त्रास देत नाही. एक गोष्ट मात्र पाळावी: ही केबल नेहमी त्याच यूएसबी भोकात लावावी. भोक बदलले की कॉम-3 चे कॉम-7 होऊ शकते आणि सॉफ्टवेअर जुन्या क्रमांकावर वजनाची वाट बघत बसते. क्रमांक डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून परत बदलता येतो. वजन घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बॉड रेटही, म्हणजे माहिती पाठवण्याचा वेग, जुळवावा. काट्यावर 2400 आणि संगणकावर 9600 असेल तर वजनाच्या जागी निरर्थक चिन्हे येतात.

लग्नपत्रिका, अहवाल आणि वार्षिक सभेच्या नोटिसा छापणाऱ्यांचा जीव जुन्या फाँटमध्ये अडकलेला असतो. श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेवमधला मजकूर युनिकोड, म्हणजे कोणत्याही मशीनवर मराठीच दिसणाऱ्या सर्वमान्य पद्धतीचा, नसतो. तो फाँट नव्या मशीनवर नसेल तर ‘सप्रेम नमस्कार’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाँटचा फोल्डर जुन्या मशीनवरून उचलून ठेवावा हे पहिले काम. श्रीलिपीची जुनी प्रत हार्डवेअर लॉकवर (पोर्टला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालत असेल तर तो लॉक पॅरलल पोर्टचा आहे की यूएसबीचा, आणि त्याचा 64-बिट ड्रायव्हर मिळतो का, हे कंपनीच्या विक्रेत्याला विचारल्याशिवाय नवे मशीन ठरवू नये. पेजमेकरची 7.0 ही शेवटची आवृत्ती 2001 ची आहे. तिच्यात वर्षानुवर्षांची कामे पडून असतील तर ते जुने मशीन तसेच ठेवावे, त्याची इंटरनेटची केबल काढावी आणि नवी कामे युनिकोडमध्ये नव्या मशीनवर सुरू करावीत. हाच मार्ग सगळ्यात कमी नुकसानीचा.

जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला तर तो वाचून घेतल्याशिवाय छापायला देऊ नये. कन्व्हर्टर नेमका मराठीच्या ‘ऱ्य’वर आणि ‘ऱ्ह’वर घसरतो: ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’, ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’, ‘कऱ्हाड’चे ‘कर्हाड’. रफाराची जागा, ‘ॲ’ आणि जोडाक्षरांतला पाय मोडलेला ‘द’ याही तपासायच्या जागा आहेत. सभासदांच्या यादीत एकेका नावाची अशी मोडतोड झाली तर पुढे कर्जखात्याची आणि आधारची नावे जुळत नाहीत. विंडोज 11 मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कळफलक आधीच असतात, वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

यादी झाली की खरेदी. कमी पैशांत भक्कम मशीन हवे असेल तर मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप चांगले पडतात, पण मॉडेल नेमके हवे. डेलचे ऑप्टिप्लेक्स 3050 आणि 7050 सहाव्या-सातव्या पिढीचे, म्हणून नकोत. 3060 आणि 7060 आठव्या पिढीचे, म्हणून चालतात. एचपीत एलिटडेस्क 800 जी-4 आणि लेनोवोत थिंकसेंटर एम-720 हे त्याच काळातले. बाहेरून दोन्ही पिढ्या जुळ्या भावंडांसारख्या दिसतात, फरक आकड्यातच कळतो. डेलच्या डब्यावरचा सर्व्हिस टॅग कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की मशीन कधी बाहेर पडले आणि मूळ त्यात काय होते ते दिसते. आतली एसएसडीही वापरलेली असू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ती किती तास चालली आणि तब्येत किती टक्के उरली ते पाहावे. या मशीनची खोट म्हणजे त्यांचा एसएमपीएस (आत वीज पुरवणारा डबा) आणि बोर्डाचे प्लग कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. म्हणून विक्रेता सुटा एसएमपीएस देऊ शकतो का हे आधीच विचारावे. दुसरे, मागे बहुधा डिस्प्लेपोर्ट असते. घरचा मॉनिटर निळ्या व्हीजीए प्लगचा असेल तर डिस्प्लेपोर्ट-व्हीजीए कन्व्हर्टर त्याच वेळी घ्यावा.

सांगलीत एक तपासणी जास्तीची करावी लागते. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात किती मशीन पाण्याखाली गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. भिजलेले मशीन धुऊन, सुकवून चालू होते आणि काही महिन्यांनी कधीही दगा देते. वापरलेले मशीन घेताना झाकण उघडायला लावावे आणि टॉर्च मारावा. पुढच्या प्लॅस्टिकच्या पट्टीच्या आतली बाजू, हार्ड डिस्कच्या खाचेचा तळ आणि एसएमपीएसचे स्क्रू बघावेत. धूळ पुसता येते, पण खाचेत बसलेला गाळ पूर्ण निघत नाही: बारीक, तपकिरी, पाण्याच्या रेषेवर संपणारा. बॅटरीच्या खोबणीखाली किंवा ऑडिओच्या भोकांभोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली, स्क्रूच्या डोक्यात गंज दिसला, तर भाव कितीही पाडून दिला तरी ते मशीन नको.

नवे असेंबल करायचे तर पेढीला आय-थ्री 12100 आणि एच-610 बोर्ड एवढे पुष्कळ झाले. वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही, मात्र प्रोसेसरच्या आकड्यापुढे ‘एफ’ अक्षर असेल तर त्यात अंगचे ग्राफिक्स नसते, तो घेऊ नये. एच-610 बोर्ड डीडीआर-4 चेही येतात आणि डीडीआर-5 चेही, दोन्हींची रॅम एकमेकांत बसत नाही. 2025 च्या शेवटी रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा 8 जीबीची एकच स्टिक घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवावा, भाव उतरल्यावर वाढवता येते. 4 जीबीवर विंडोज 11 बसते, काम होत नाही. पूर्ण भिस्त एका 1 टीबी फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवलेले मशीन आज कोणीही घेऊ नये, विंडोज एसएसडीवरच हवी. मिनी पीसी वीज आणि जागा वाचवतो. इंटेल एन-100 चा मिनी पीसी टॅली आणि ब्राउझरला चालतो, पण बहुतेकांत रॅमचा एकच स्लॉट असतो आणि कार्ड घालायला जागा नसते. ऑल-इन-वनमध्ये पडदा गेला की सगळेच दुरुस्तीला जाते. जत, आटपाडीकडे जिथे वीज वारंवार जाते तिथे सेवा केंद्रासाठी लॅपटॉप बरा, त्याची बॅटरी हाच यूपीएस.

एसएमपीएसवर पैसे वाचवू नयेत. ‘450 वॅट’ असे छापलेला, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा एसएमपीएस बोर्डाला घेऊन जातो. ग्राफिक्स कार्ड नसलेले मशीन 100 वॅटही क्वचितच घेते, म्हणून आकड्यापेक्षा बनावट पाहावी, 80 प्लसचे (कमी वीज वाया घालवण्याचे) आणि बीआयएस या मानक ब्युरोच्या नोंदणीचे चिन्ह पाहावे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगावा, तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. 600 व्हीएच्या यूपीएसवर संगणक आणि मॉनिटर एवढेच ठेवावे. लेझर प्रिंटर त्यावर लावला की त्याचा हीटर तापताच यूपीएस बंद पडतो. आतली 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, तेव्हा महिन्यातून एकदा भिंतीवरचे बटण बंद करून पाहावे.

विंडोजच्या लायसन्सचे नंतर बघू, असे म्हणू नये. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल लायसन्सचा उल्लेख हवा. ब्रँडेड जुन्या मशीनच्या बायोसमध्ये मूळ विंडोजची किल्ली सहसा असतेच, तीच आवृत्ती टाकली की आपोआप चालू होते. आणि हे नीट लक्षात घ्यावे: नव्या विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की अनेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची 48 अंकी रिकव्हरी किल्ली त्या खात्यात जाते. खाते दुकानातल्या मुलाच्या ईमेलवर काढलेले असेल तर आपल्या तिजोरीची किल्ली त्याच्याकडे राहिली. पुढे बोर्ड बदलला की विंडोज ही किल्ली मागते आणि ती नसेल तर डेटा कोणालाही काढता येत नाही. खाते स्वतःचे असावे, 48 अंक कागदावर छापून दप्तरात ठेवावेत.

बॅकअपची सवय एसएसडीबरोबर बदलावी लागते. जुनी हार्ड डिस्क मरण्याआधी कुरकुर करत असे. एसएसडी काल चालू आणि आज गायब अशी जाते, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणे जवळपास अशक्य. टॅलीचा डेटा, फाँट, ब्राउझरमधले पासवर्ड, डेस्कटॉपवर साठवलेली पत्रे यांच्या दोन प्रती दोन जागी हव्यात. पावसाळ्यात कृष्णेची आयर्विन पुलाजवळची पातळी 40 फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की एक प्रत उंचावरच्या घरी न्यावी. नव्या मशीनवर महिन्याचे जीएसटी विवरण भरून होईपर्यंत, आणि शक्य असल्यास 31 मार्चचा ताळेबंद निघेपर्यंत, जुने मशीन विकू नये. विकताना किंवा ई-कचऱ्यात देताना हार्ड डिस्क काढून घ्यावी, तिला बहुधा चारच स्क्रू असतात. नुसते क्विक फॉरमॅट मारलेल्या हार्ड डिस्कवरून खातेदारांची आधार आणि बँकेची कागदपत्रे परत काढता येतात.

ग्रामपंचायती, शाळा आणि सोसायट्यांच्या कोटेशनमध्ये अजूनही ‘आय-फाइव्ह, 8 जीबी, 1 टीबी’ असे लिहिले जाते. कमीत कमी दराने तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह देणाऱ्याने हे कोटेशन जिंकले तर नियमाने त्याला अडवता येत नाही. तेव्हा कोटेशन मागणाऱ्यांनी आणि जिल्ह्यातल्या संगणक व्यापाऱ्यांनी मिळून एवढे करावे, की कागदावर आणि बिलावर पूर्ण ओळ असेल. उदाहरणार्थ: ‘कोअर आय-5 8500, वापरलेला, 8 जीबी डीडीआर-4, एक स्टिक, एक स्लॉट मोकळा, 256 जीबी एसएसडी, नवी, विंडोज 11 प्रो, डिजिटल लायसन्स, सिरियल पोर्ट एक, दुकानात वॉरंटी 1 वर्ष.’ अशी ओळ लिहून द्यायला जो विक्रेता तयार नसेल त्याच्याकडून मशीन घेऊ नये.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक,
सांगली